हेल्मेटवर गॉगल टिकवायचा कसा : साधा पट्टा, मागची क्लिप, चिकटवायचे हुक की सरळ व्हायझर?

ऑफरोड हेल्मेट घेतले की त्यापाठोपाठ गॉगलचा खर्च येतोच, कारण या हेल्मेटला पुढे काच नसते आणि डोळ्यांसमोरची मोकळी जागा गॉगलनेच झाकायची असते. खरेदीच्या वेळी बहुतेकांचे लक्ष काचेच्या रंगाकडे आणि फ्रेमच्या देखणेपणाकडे असते; पट्टा आपल्या हेल्मेटवर जागचा हलतो की नाही, हा प्रश्न पहिल्या खडबडीत घाटात पडतो. मग कोणी मागे लावायच्या क्लिपा शोधतो, कोणी दोन्ही बाजूंना हुक चिकटवतो, तर कोणी पट्टा इतका आवळतो की नाकावर वळ उठतात. हे सगळे पर्याय एकाच कामाचे वाटले तरी त्यांची कामे वेगवेगळी आहेत, आणि कोणता घ्यायचा हे गॉगलपेक्षा हेल्मेटच्या आकारावर अधिक ठरते.

पट्टा मुळात कशामुळे सरकतो, हे कळले तर निम्मी निवड तिथेच होते. ताणलेला इलॅस्टिक पट्टा नेहमी कमी घेराच्या दिशेने सरकू पाहतो. हेल्मेटचा घेर जिथे सर्वांत मोठा असतो त्या रेषेच्या वर पट्टा बसला तर तो टाळूकडे चढतो, आणि रेषेच्या खाली बसला तर मानेकडे उतरतो. खड्ड्यांतून जाताना डोके सतत हलत असते, त्यामुळे दर धक्क्याला पट्टा केसभर सरकतो आणि काही किलोमीटरनंतर गॉगलची खालची कड गालावरून सुटून आत धूळ शिरू लागते. या सरकण्याला रोखणाऱ्या गोष्टी तीनच : पट्ट्याच्या आतील बाजूला असलेल्या सिलिकॉनच्या रेघांची पकड, हेल्मेटच्या कवचावर पट्ट्यासाठी केलेली उथळ खाच आणि मागे पट्टा अडवणारी क्लिप किंवा पळवाट न देणारा फासा. यांपैकी पहिल्या दोन असतील तर तिसरीची गरज सहसा उरत नाही.

म्हणूनच मोटोक्रॉसच्या (म्हणजे मातीच्या ट्रॅकवरील मोटरसायकल शर्यतीच्या) पद्धतीचे, पुढे निमुळती हनुवटी आणि वर लांब पीक, म्हणजे टोपीसारखी पुढे आलेली झडप, असलेले हेल्मेट ज्यांच्याकडे आहे, त्यांनी साध्या पट्ट्यावरच विश्वास ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा चांगल्या हेल्मेटांत डोळ्यांच्या खिडकीपासून मागेपर्यंत पट्ट्याची वाट घडवलेली असते आणि मोटोक्रॉस गॉगलचा साधारण ४५ मिलिमीटर रुंदीचा पट्टा त्या वाटेत सपाट बसतो. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगचा पहिला हंगाम सुरू झाला, तेव्हापासून हा खेळ जवळून पाहणाऱ्यांची संख्या आपल्याकडे वाढली आहे. उंच उड्यांचा हा खेळ खेळणारे रायडरसुद्धा सर्वसाधारणपणे मागे कोणतीही क्लिप लावत नाहीत. त्यांची सगळी भिस्त रुंद पट्ट्यावर, सिलिकॉनवर आणि फ्रेमच्या नेमक्या मापावर असते.

या पर्यायाची उणीव अशी की त्याची पकड स्वच्छतेवर अवलंबून असते. सिलिकॉनच्या रेघांवर पिठासारखी बारीक धूळ बसली, किंवा हेल्मेट चमकावण्यासाठी त्यावर पॉलिशचा थर चढवला, की नवा पट्टासुद्धा घसरतो. अशा वेळी नवी वस्तू विकत घेण्याआधी पट्टा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावा आणि कवचही त्याच पाण्याने पुसून घ्यावे. पट्टा उलटा करून हाताने ताणून पाहावा : रेघा गुळगुळीत झाल्या असतील, कापडाच्या कडेने इलॅस्टिकचे पांढरे धागे बाहेर आले असतील, किंवा ताण सोडल्यावर पट्टा लगेच मूळ लांबीवर येत नसेल, तर त्याचे आयुष्य संपले आहे. अनेक कंपन्यांचे पट्टे सुटे मिळतात, त्यामुळे पूर्ण गॉगल बदलण्याचे कारण नाही. घरी आल्यावर गॉगल हेल्मेटवरच ताणून ठेवण्याची सवय अनेकांना असते. पट्टा लवकर सैल पडण्याचे ते एक मोठे कारण आहे.

पट्ट्याच्या बरोबरीने फ्रेमची रचनाही पाहावी लागते. काही गॉगलांत पट्टा फ्रेमच्या टोकाला थेट जोडलेला असतो, तर काहींत मध्ये बिजागरीसारखा हलणारा छोटा दांडा असतो, ज्याला आउटरिगर म्हणतात. रुंद खिडकीच्या हेल्मेटात हा दांडा पट्ट्याला कवचाच्या कडेवरून बाहेर काढतो आणि ओढ फ्रेमच्या वर-खाली सारखी वाटून देतो, म्हणून फोम चेहऱ्यावर सगळीकडे एकसारखा टेकतो. खिडकी अरुंद असेल तर हाच दांडा कडेला अडतो आणि फ्रेम चेहऱ्यापासून उचलली जाते. तिथे बिनदांड्याचा गॉगल बरा. चिखलाच्या ट्रॅकवर काचेवरची पातळ फिल्म ओढून काढण्याची, म्हणजे टेअर-ऑफची, सोय वापरणाऱ्यांना हा फरक लगेच जाणवतो : डाव्या हाताने फिल्मचे टोक ओढले की सैल पट्ट्याची फ्रेमही त्याच बाजूला खेचली जाते. रोल-ऑफमध्ये फिल्म दोरीने गुंडाळली जाते, त्यामुळे तो झटका कमी असतो, पण दोन्ही बाजूंच्या डब्यांचे वजन फ्रेमवर येते आणि पट्टा थोडा घट्टच ठेवावा लागतो.

मागची क्लिप खरी उपयोगी पडते ती ओपन-फेस, म्हणजे चेहरा उघडा ठेवणाऱ्या, हेल्मेटवर. बुलेटवाल्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या जुन्या धाटणीच्या गोल, चकचकीत हेल्मेटवर पट्ट्यासाठी खाच नसते आणि कवच जवळजवळ चेंडूसारखे असल्याने पट्टा वर चढायला मोकळा असतो. त्यामुळे अशा अनेक हेल्मेटांच्या मागे कारखान्यातच चामड्याची किंवा रेक्झिनची एक पट्टी आणि प्रेस-बटण बसवलेले असते. ती पट्टी गॉगलचा पट्टा पुढे ओढत नाही. तो वर चढू नये एवढेच तिचे काम, आणि ते ती चोख करते. हेल्मेट घेताना अशी पट्टी आहे का, आणि आपल्या गॉगलचा पट्टा तिच्याखाली दुमडल्याशिवाय मावतो का, हे दुकानातच पाहावे. अरुंद पट्टीखाली रुंद पट्टा कोंबला तर तो मध्ये गोळा होतो आणि बाजूंना सैल पडतो. प्रेस-बटणाचा आणखी एक फायदा असा की गॉगल कशात अडकून जोरात ओढला गेला, तर बटण सुटते आणि मानेला हिसका बसत नाही. पिळून बंद करायच्या किंवा स्क्रूच्या क्लिपेत ही सोय नसते, म्हणून ती मला पसंत नाही.

गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंग शिकायला जाणाऱ्यांचा प्रश्न याच जातीचा आहे. स्कीच्या हेल्मेटला मागे क्लिप किंवा इलॅस्टिकचा फासा बहुधा असतोच आणि तो वापरावा, कारण पडल्यावर बर्फात घरंगळत गेलेला गॉगल परत मिळेलच असे नाही. मोटोक्रॉसचा रुंद पट्टा मात्र त्या छोट्या क्लिपेत नेहमीच बसत नाही, हे मोटरसायकलचाच गॉगल तिकडे न्यायचा विचार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

चिकटवायच्या क्लिपा आणि हुक यांच्याबाबत सावध राहावे. ऑनलाइन बाजारात ते स्वस्तात मिळतात आणि चित्रांत फार सोयीचे दिसतात : हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना हुक चिकटवायचे, गॉगलच्या पट्ट्याचे तुकडे त्यांत अडकवायचे आणि हातमोजे न काढता एका हाताने गॉगल सोडायचा. जिथे हुक हेल्मेट बनवणाऱ्यानेच दिलेले आहेत तिथे ही रचना उत्तम आहे. आपण नंतर चिकटवतो तेव्हा अडचणी सुरू होतात. सपाट टेप गोल कवचावर पूर्ण टेकत नाही, तिच्या कडा उचलल्या जातात, आणि उन्हात टाकीवर ठेवलेल्या हेल्मेटवर स्वस्त टेपचा गोंद मऊ पडतो. झटपट चिकटणारा द्रव गोंद तर वापरूच नये, कारण त्यातील द्रव्यांनी पॉलिकार्बोनेट आणि एबीएस या प्लास्टिकच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारे तडे जाऊ शकतात. शिवाय कवच गुळगुळीत असण्याला कारण आहे. पडल्यावर हेल्मेट रस्त्यावरून घसरले पाहिजे, अडखळता कामा नये, आणि म्हणूनच युरोपच्या ईसीई २२ मानकात कवचावरील उंचवटे व घर्षण यांची वेगळी चाचणी असते. आपण चिकटवलेला टणक हुक त्या चाचणीतून गेलेला नसतो. कवचाला भोक पाडून स्क्रू बसवणे तर कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. आपल्याकडे १ जून २०२१ पासून दुचाकीचे हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाही. त्या चिन्हामागची चाचणी अखंड कवचाची असते, भोक पाडलेल्या कवचाची नव्हे.

चष्मा वापरणाऱ्यांसाठी निकष थोडे बदलतात. त्यांनी कानशिलाजवळ फोमला खाच असलेला, चष्म्यावरून घालायचा गॉगल घ्यावा हे उघड आहे, परंतु पट्ट्याला मागे उघडणारे बक्कल असेल तर त्यांची मोठी सोय होते. बक्कल नसलेला गॉगल हेल्मेटवर चढवताना तो वरून खाली ओढावा लागतो आणि त्यात चष्मा नाकावरून सरकतो. बक्कल उघडता आले तर फ्रेम समोरून सरळ चेहऱ्यावर टेकवून पट्टा मागे बंद करता येतो. स्कीच्या गॉगलांत ही रचना बऱ्यापैकी आढळते, मोटोक्रॉसच्या गॉगलांत शोधावी लागते. शोधण्याचे कष्ट घ्यावेत.

पट्टा किती घट्ट असावा, याबाबत गैरसमज बराच आहे. गॉगल टिकत नाही म्हणून पट्टा आवळत गेल्यास फोम दबून चपटा होतो, हवा खेळायच्या जागा बंद होतात आणि काचेवर आतून वाफ धरते. सह्याद्रीत जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा हवेत आधीच दमट गारवा असतो, तेव्हा असा आवळलेला गॉगल पहिल्या चढावरच निरुपयोगी होतो. फ्रेम बोटाने थोडी पुढे ओढून सोडली की ती सावकाश जागेवर यावी आणि मान जोरात वर-खाली केल्यावर हलू नये, इतका ताण पुरे. त्याहून कमी ताणावर गॉगल सरकत असेल, तर दोष मापाचा, मळक्या सिलिकॉनचा किंवा हेल्मेटशी न जुळणाऱ्या फ्रेमचा आहे.

यापुढचा प्रश्न असा की गॉगल हवाच कशाला. दरवर्षी मुंबई-पुण्याहून शेकडो रायडर लेह-लडाखला जातात आणि त्यांच्या प्रवासाचा मोठा भाग महामार्गाचा असतो. त्यांच्यासाठी पीक आणि व्हायझर दोन्ही असलेले अ‍ॅडव्हेंचर हेल्मेट बहुधा अधिक योग्य ठरते, कारण पावसात व्हायझर वर करणे, पुसणे आणि चहाच्या टपरीवर चेहरा मोकळा करणे सोपे असते, आणि पट्टा सरकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. धुळीच्या बाबतीत मात्र व्हायझर मागे पडतो : कच्च्या रस्त्यावर पुढच्या ट्रकमागून येणारी बारीक माती त्याच्या कडेच्या फटीतून आत शिरते, तर फोमने चेहऱ्याला टेकलेला गॉगल ती बाहेर ठेवतो. काही अ‍ॅडव्हेंचर हेल्मेटांचा व्हायझर काढून त्यात गॉगल बसवता येतो, आणि दोन्ही प्रकारचा प्रवास करणाऱ्याने असेच हेल्मेट पाहावे. त्याची खिडकी सहसा मोटोक्रॉस हेल्मेटपेक्षा अरुंद असते, त्यामुळे दुकानात जाताना हेल्मेट बरोबर न्यावे, मोठ्या फ्रेमचा गॉगल त्यात बसवून फोम चारी बाजूंनी टेकतो का ते पाहावे आणि आउटरिगरचा दांडा कडेला लागत असेल तर तो गॉगल, कितीही आवडला तरी, परत ठेवावा.