१९३९ चा रुपया अमेरिकेला पाठवायचा की इथंच ठेवायचा? ग्रेडिंगचा दोन्हीकडचा हिशोब

आजोबांच्या डबीतून चांदीचे रुपये निघाले की दोन दिवसांत कुणीतरी सांगतंच, अरे अमेरिकेला पाठव, स्लॅब करून घे, चौपट भाव येईल. मलाही सांगितलं होतं. आमच्या डबीत बारा होते, व्हिक्टोरियापासून जॉर्ज सहावापर्यंत. त्यातून जे शिकलो ते इथे मांडतोय, पाठवणं विरुद्ध न पाठवणं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाण्यांना ग्रेड म्हणजे मार्क देणाऱ्या दोन अमेरिकन कंपन्या आहेत, पीसीजीएस ही कॅलिफोर्नियाची, १९८६ पासून, आणि एनजीसी फ्लोरिडाची, १९८७ पासून. नाणं अस्सल आहे का बघतात, १ ते ७० मध्ये मार्क देतात (६० पासून वर म्हणजे चलनात न फिरलेलं) आणि प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालून नंबर छापतात, ही डबी म्हणजेच स्लॅब. तो नंबर त्यांच्या साइटवर टाकला की नाण्याची नोंद दिसते. दोघांत भारतीय नाण्यांसाठी कुठली बरी यावर लोक तासन्तास भांडतात, मला विचाराल तर तो शेवटचा प्रश्न आहे.

पहिला प्रश्न नाण्याचं वय, आणि इथेच बहुतेकांचा विषय संपतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावशेष धरलं जातं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ग्रेडिंगला पाठवून परत आणणार आहे, विकणार नाही, हे कारण त्यात कुठेच बसत नाही. कुरिअरने पाठवा नाहीतर न्यूजर्सीला निघालेल्या भाच्याच्या खिशात घाला, गुन्हा तोच, आणि शिक्षा किमान सहा महिने ते तीन वर्षं तुरुंग आणि वर दंड. भाच्याला यात ओढू नका राव.

आता हे आपल्या डबीला लावून बघा. व्हिक्टोरियाचे सगळे गेले. एडवर्डचे सगळे गेले. जॉर्ज पाचव्याचा रुपया १९११ ला सुरू होतो (तो पहिला, ज्याच्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बोंब झाली आणि पुढच्या वर्षी डिझाइन बदललं) आणि १९२२ ला संपतो, म्हणजे तोही अख्खा गेला. शिवराई, होन यांचं तर बोलायलाच नको. मुंबईच्या टांकसाळीत १९१८ या एकाच वर्षी पाडलेला सोन्याचा सॉव्हरिन, ज्याच्यावर बारीक आय अक्षर असतं, तोही आता त्या रेघेच्या पलीकडे. उरले कोण तर जॉर्ज सहावा, म्हणजे १९३८ पासूनचे रुपये, आणि १९५० नंतरची आपली नाणी. माझ्या बारापैकी नऊ इथेच बाद झाले.

मग लोक विचारतात, व्हिक्टोरियाचे रुपये एनजीसीच्या डबीत दिसतात ते कसे काय? परदेशातल्या लिलावांत भारतीय नाणी कायम येतात, ती तिथेच घेतली जातात आणि तिथेच स्लॅब होतात, त्यात काही गैर नाही. तुम्ही स्वतः लंडनला किंवा टेक्सासला राहत असाल आणि नाणं तिकडेच घेतलं असेल तर बिल जपा आणि इकडे आणायच्या आधी तिथेच ग्रेड करा. हा लेख तुमच्यासाठी अर्धाच आहे.

दुसरा प्रश्न, नाणं कधी घासलंय का. आपल्याकडे हा प्रश्न विचारणं म्हणजे विनोद आहे, कारण दर लक्ष्मीपूजनाला रुपये चिंचेने नाहीतर भांड्याच्या पावडरने लख्ख करायचे, दूध-पाण्याने धुवायचे, वर हळदकुंकू, हे आमच्या घरी पन्नास वर्षं चाललं. आईला ते चकचकीत दिसतं, ग्रेडरला भिंगाखाली एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात. मग मार्क मिळतच नाहीत, डबीवर डिटेल्स, क्लीन्ड (म्हणजे घासलेलं) असा शिक्का येतो. माळेत ओवलेला, कडी काढून डाग घासलेला रुपया असेल तरी तसंच. असं नाणं पाठवणं म्हणजे पैसे देऊन स्वतःच्या नाण्याची खोड छापून आणणं. मी आणलीये, १९४५ च्या एका रुपयावर, त्यामुळे सांगतोय, आणि चूक कुणाची नव्हती, माझीच, उजेडात तिरकं धरून बघितलं असतं तरी कळलं असतं. उलट जुनी काळपट निळसर छटा असेल तर ती चांगली, तिला हात लावू नका.

आता खर्च. एकट्याने पाठवायचं तर कंपनीची मेंबरशिप, प्रत्येक नाण्याची फी (नाण्याची किंमत जास्त लिहिली की फीचा गटही वरचा), हाताळणीचे पैसे, जाण्यायेण्याचं कुरिअर, विमा. नुसतं समजायला म्हणून नाण्यामागे साठ डॉलर धरा, म्हणजे पाचेक हजार झाले. १९४० नंतरच्या रुपयात चांदी निम्मीच, १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा, आणि हे दोन्ही साध्या अवस्थेत ढिगाने मिळतात, त्यांच्यावर पाच हजार कशाला घालायचे? शिवाय बरेच कुरिअरवाले नाणी घेतच नाहीत, जाताना कस्टमला वय पटवावं लागतं (त्यासाठी पुरातत्त्व खात्याकडून हे पुरावशेष नाही असं प्रमाणपत्र मिळतं), आणि परत येताना हे माझंच, इथूनच गेलेलं, हेही कागदावर दाखवावं लागतं.

डीलरमार्फत पाठवलं तर कुरिअर आणि हाताळणी वीसपंचवीस नाण्यांत वाटली जाते, कागदांची कटकट तो बघतो, म्हणून बहुतेकजण तोच रस्ता धरतात. पण नाणं कितीतरी महिने हाताबाहेर राहतं, तेव्हा देताना दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, वजन लिहा, पावती घ्या, ओळखीचा आहे म्हणून लाजू नका. इथेही स्लॅब करून देणाऱ्या कंपन्या आहेत, स्वस्त पडतं, शंभर वर्षांवरच्या नाण्याला कायद्याची अडचण नाही, पण परदेशी गिऱ्हाईक त्या मार्कांना तेवढं मानत नाही. आणि जुनं नाणं बाहेर विकता येणारच नाही तर परदेशी गिऱ्हाइकाचं करायचं काय, म्हणून व्हिक्टोरिया वगैरे मुंबईच्या लिलावाला नाहीतर पुण्याच्या कॉइनेक्स या नाण्यांच्या प्रदर्शनाला तसेच, बिनडबीचे दाखवलेले बरे. तिथले जाणते लोक हातात घेऊन सांगतात, फुकट.

मग पाठवावं असं काही आहे का? आहे, आणि तो १९३९ चा मुंबईचा रुपया. जॉर्ज सहाव्याच्या रुपयांत हा सगळ्यात दुर्मिळ, म्हणून १९३८ च्या आठाचा नऊ करायचा धंदा जुना आहे. गंमत अशी की दोन्हींचा आकार, वजन ११.६६ ग्रॅम, चांदी सगळं सारखंच, त्यामुळे सोनाराचा काटा आणि कस दोन्ही इथे हात टेकतात, तो नऊ नंतर कोरलाय का हे मायक्रोस्कोपखालीच दिसतं. (१९४० नंतरच्या रुपयाचा कुणी १९३९ केला असेल तर सोपं, त्याची कड वेगळी आणि चांदी निम्मी.) अशा नाण्याला ६२ आले की ६४ याचं मला फार कौतुक नाही, अस्सल हा एक शब्द छापून आला की गिऱ्हाइकाचा संशय संपतो आणि पाच हजार वसूल होतात.

मुंबई टांकसाळीचे प्रूफ सेट (संग्राहकांसाठी खास चकाकीने पाडलेली नाणी), जसं १९६९ चे गांधी शताब्दीचे चांदीचे दहा रुपये, हे मधलं प्रकरण. खूप वरचा मार्क आला तर भाव उडतो, एकदोन कमी आला तर फी गेली, शिवाय मूळ पाकिटातून बाहेर काढावं लागतं आणि काहींना ते पाकीटच हवं असतं. मी नाही पाठवणार, पण नशीब अजमावणारे आहेत.

आणि स्लॅब विकत घेत असाल तर नंबर टाकून फोटो जुळवा, खोट्या डब्यांवर खरे नंबर छापलेले बाजारात फिरतात.

माझ्या बारातून शेवटी दोन गेले, एक तो १९४५ चा फजितीवाला आणि एक १९३९, तो अस्सल निघाला, मार्क बेताचे. बाकीचे दहा परत लक्ष्मीपूजनाच्या डबीत. यंदा घासायचे नाहीत, कुंकू शेजारी ठेवायचं, असं आईला सांगून ठेवलंय. ती म्हणाली बघू.