दोन हजार अक्षरे आणि चौदा एप्रिलची रजा: मराठी रोलप्लेचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या शनिवारी सकाळी बोरिवलीहून गाडी सुटायच्या आत बँकेचा संदेश आला, की मी तीन आठवड्यांपूर्वी रद्द केलेली वर्गणी आणखी एका महिन्यासाठी आपोआप कापली गेली आहे. रोलप्ले म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन सर्वांनी मिळून लेखी कथा रचण्याचा खेळ; आमचा रोलप्लेचा सर्व्हर, म्हणजे आमच्या गटाची जागा, ज्या अ‍ॅपवर चालतो, त्या अ‍ॅपची ही वर्गणी. पैसे परत मिळावेत म्हणून मी परवापर्यंत पाच वेळा लिहिले, आणि पाचही वेळा 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे' या एकाच वाक्याने सुरू होणारे उत्तर आले, ज्यात माझ्या तक्रारीतला एकही शब्द नव्हता. हा मजकूर त्या रागातच लिहायला घेतला आहे, हे आधीच सांगून टाकतो. चॅनेल कसे उघडायचे, फासे टाकणारा बॉट कसा बोलवायचा, पात्राचे चित्र कसे लावायचे, हे येथे सांगत बसत नाही; ते सर्वांना येते.

वर्गणी घेण्याचे कारण एकच होते. विनामूल्य खात्यावर एका संदेशात दोन हजार अक्षरे मावतात, पैसे भरल्यावर चार हजार. इंग्रजीत खेळणाऱ्याचे दोन हजारांत पोटभर लिहून होते. मराठीत मात्र ही मोजणी आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नसते, कारण युनिकोडमध्ये प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण स्वतंत्र धरली जाते. 'स्त्री' हे आपल्या लेखी एक अक्षर; यंत्राच्या खात्यात त्याचे सहा लागतात. आमच्या कथेतल्या परिचारिकेचे नाव ज्योत्स्ना आहे. दिसायला दोन अक्षरे, पण दर उल्लेखाला दहा खर्ची पडतात, आणि म्हणून मी कित्येक दिवस तिला केवळ काटकसरीपोटी 'ती' म्हणत असे, कारण 'ती' दोनातच भागते. व्यवसायाने मी हिशेबनीस आहे. कोणत्या पोस्टला किती अक्षरे गेली, याचा तक्ता मी पहिल्या महिन्यापासून ठेवलेला आहे, आणि हे वाचून माझी पत्नी जशी हसली तसे तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही.

आमची कथा एप्रिल १९४४ च्या मुंबईत घडते. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज १२ एप्रिलला लागले, त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा होत्या, आणि १४ तारखेला दुपारी चारच्या सुमारास ते फुटले, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. आमच्या पात्रांना ते ठाऊक नाही. सूत्रधाराने (कथा चालवणाऱ्या गेम मास्टरला आमच्याकडे सूत्रधारच म्हणतात) हा काळ मुद्दाम निवडला होता आणि पहिल्याच दिवशी बजावले होते, की खेळाडूची माहिती पात्राच्या खिशात घालायची नाही. मेटागेमिंग म्हणतात ते हेच. मी मांडवीतल्या एका क्लिअरिंग एजंटाकडचा कारकून झालो. परळचा एक कॉलेजातला मुलगा साताऱ्याकडची रखमा झाला, जिचा नवरा गोदीत हमाली करतो. ज्योत्स्ना जे. जे. रुग्णालयात. कथेबाहेरचे बोलणे 'विंगेत' नावाच्या वेगळ्या चॅनेलवर चालते. तेथे मला सगळे काका म्हणतात.

पहिले चार महिने माझे मत असे होते, की लोकांना दाद देता येत नाही. मी चर्चगेटपर्यंतच्या तासाभरात, बहुधा चौथ्या सीटवर अर्धा लटकत, एका अंगठ्याने चार हजार अक्षरे भरून लिहीत असे. त्यात मसजिद बंदरच्या गल्लीतला मिरचीचा खकाणा असे, बिलाच्या तीन प्रती असत, मालकाच्या टोपीचे वर्णन असे. उत्तरादाखल खाली दोन अंगठे आणि एखादे 'मस्त' उमटे, आणि पुढची पोस्ट टाकणारा माझ्या मिरचीला, बिलांना वा टोपीला स्पर्शही न करता भलतीकडे निघून जाई. या लेखाचा तेव्हा लिहिलेला मसुदा अजून माझ्याकडे आहे आणि त्यात सर्व्हरला पाचपैकी दीड तारा आहे.

तो दीड तारा मी आता मागे घेतो, पण ज्या क्रमाने मत बदलले त्या क्रमाने सांगतो. एके दिवशी विंगेत ज्योत्स्नेच्या खेळाडूने लिहिले, "काका, राग मानू नका, पण माझ्या पात्राची मान माझ्याकडेच राहू द्या." मला अर्थ लागेना. मग तिने माझ्याच पोस्टींतली सात वाक्ये काढून समोर ठेवली: ज्योत्स्नाने मान डोलावली, ज्योत्स्ना गहिवरली, ज्योत्स्नाला त्याचे म्हणणे पटले. चार हजारांची ऐसपैस जागा मिळाल्यावर मी माझ्या कारकुनाचे बोलणे लिहून थांबत नव्हतो. समोरच्याला काय वाटले, त्याने काय केले, तो केव्हा उठून गेला, हेही मीच लिहून टाकत होतो. याला गॉडमोडिंग म्हणतात. शब्द मला माहीत होता, मात्र तो तलवारीने एका घावात दहा जण मारणाऱ्या पोरांसाठी आहे, अशी माझी समजूत होती. सात वाक्यांत सात वेळा ज्योत्स्ना, म्हणजे सत्तर अक्षरे माझ्याच खात्यातून गेली होती, हेही तेव्हाच लक्षात आले.

तमाशात बतावणी रंगते ती अशाने नव्हे. सोंगाड्या एक वाक्य टाकतो आणि थांबतो. समोरचा ते उचलतो, उलटे करतो, परत फेकतो. पहिल्याने दोघांचेही बोलून टाकले तर दुसऱ्याने फडावर उभे राहायचे कशाला?

माणसे येथे कशासाठी येतात, यावर पुष्कळ आधी विचार झालेला आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी आणि त्यांच्यानंतर रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हा केवळ शब्दांवर चालणारा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा खेळ घडवला. याच बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंची वाटणी पत्त्यांच्या रंगांवर केली: गुण आणि पातळ्या जमवणारे चौकट, खेळाचे जग खणून पाहणारे इस्पिक, माणसांसाठी येणारे बदाम आणि इतरांवर चालून जाणारे किलवर. मी स्वतःला बदाम समजत होतो. मात्र माझ्या तक्त्यात 'मला मिळालेले प्रतिसाद' असा रकाना होता आणि 'मी दिलेले प्रतिसाद' असा नव्हता. तो रकाना घालून मागचे चार महिने शोधले, तेव्हा माझ्या नावावर बावन्न अंगठे, एकोणीस वेळा 'छान' आणि इतरांच्या मजकुरातला एखादा तपशील उचलून लिहिलेल्या पोस्टी अवघ्या तीन निघाल्या. अस्सल चौकट.

चुका दाखवण्यात मात्र मी उदार होतो. एका नव्या खेळाडूने कथेत चहाचे पन्नास पैसे दिले, तेव्हा मी कथेच्या चॅनेलवरच लिहिले, की दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, १९४४ मध्ये रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत, आणि आठ आण्यांचा चहा कारकुनाला परवडणारा नाही. प्रत्येक शब्द खरा होता. त्या मुलीने त्यानंतर तीन आठवडे काही लिहिले नाही. सूत्रधार मला खाजगीत एवढेच म्हणाला, "काका, हे विंगेत सांगितले असते तर तिने हौसेने बदलले असते." आता मी तसेच करतो, आणि आधी तिच्या चहावाल्याबद्दल दोन ओळी कथेत लिहितो.

आता चौदा एप्रिल. कथा त्या शुक्रवारी येऊन ठेपली तेव्हा आमच्यापैकी निम्मी पात्रे गोदीत वा तिच्या आसपास होती, आणि सूत्रधार प्रत्येकासाठी फासे टाकणार होता. सहा महिने आणि तेवढ्याच महिन्यांची वर्गणी ज्या पात्रावर खर्च केली, ते एका फाशावर घालवायची माझी तयारी नव्हती. १३ तारखेच्या रात्री मी सहज म्हणून एक ओळ घातली, की कारकुनाने उद्याची रजा टाकली आहे. कारण लिहिले नाही. ही उघड लबाडी होती. सूत्रधार काही बोलला नाही आणि मी सुटलो असे समजलो. स्फोट झाले, पहिला आणि अर्ध्या तासाने दुसरा, आणि रखमेचा नवरा परत आला नाही.

या भागात आम्ही एक्स-कार्ड वापरले, त्याचा उल्लेख करायला हवा: मजकूर सोसवेनासा झाला की कोणीही नुसती फुलीची खूण टाकायची आणि कारण न विचारता तो प्रसंग तेथेच मिटवायचा. आमच्या येथे ती दोनदा पडली. दोन्ही वेळा जळालेल्या माणसांच्या वर्णनांवर पडली, आणि त्यातले एक वर्णन माझे होते.

कथेत दोन आठवडे गेल्यावर एका रात्री रखमा माझ्या कारकुनाच्या बिऱ्हाडाशी आली. परळच्या त्या मुलाने सारे मिळून तीनशेच्या आसपास अक्षरे लिहिली होती. ती उंबऱ्याबाहेरच बसते, पदराच्या गाठीतून नवऱ्याचा गोदीचा पितळी बिल्ला काढते, तो फरशीवर ठेवते आणि विचारते, "भाऊसाहेब, त्या दिशी तुमी नेमकं रजेवर कसं?" तेथे पोस्ट संपली.

गाडी तेव्हा अंधेरीला होती. त्या मुलाला मला विंगेत खडसावता आले असते, नियम दाखवता आला असता, आणि त्याच्या जागी मी असतो तर तेच केले असते. या मुलाने माझी लबाडी खरी धरली, कथेतली घटना म्हणून तिला मान दिला आणि तिच्यावर संशयाचे एवढे ओझे ठेवले, की दहा महिन्यांत पहिल्यांदा माझा कारकून मलाच जिवंत वाटला. माझ्या मिरच्यांना आणि टोप्यांना जी दाद मिळाली नव्हती, ती माझ्या सर्वांत वाईट ओळीला मिळाली.

उत्तर सुचेना. खोटे कारण रचून पाहिले, ते खोटेच वाटे. शेवटी बार्टल यांच्या इस्पिकासारखे मागचे खणायला बसलो, कारण त्या शुक्रवारी सकाळी कोण कोठे होते, हे तरी पाहावे. स्फोटाच्या आधीच्या सकाळचा रुग्णालयातला एक प्रसंग ज्योत्स्नेच्या खेळाडूने लिहिला होता, आणि त्यात मधेच एक वाक्य होते: बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन एक माणूस दुसऱ्या खोकणाऱ्या माणसाशेजारी बसला होता आणि नाव सांगायला तयार नव्हता. त्या पोस्टखाली माझा अंगठा होता. न वाचता दिलेला.

मी विंगेत तिला विचारले, की तो मांडीवर डबा घेतलेला माणूस माझा कारकून असू शकेल का. ती म्हणाली, "अहो काका, मी तो कोणीतरी उचलावा म्हणूनच तेथे बसवला होता. आठवडाभर वाट पाहून सोडून दिला." म्हणून आता कारकुनाला एक भाऊ आहे. त्याला क्षय झाला आहे, ते चाळीत कळले तर खोली जाईल, आणि ती रजा त्याच्यासाठी होती. यातले मी एकही पात्र, एकही वस्तू नव्याने घडवलेली नाही. बाक तिचा, डबा तिचा, प्रश्न रखमेचा. तरीही सूत्रधाराने तेव्हा विंगेत पहिल्यांदाच माझ्या लिखाणाबद्दल सविस्तर लिहिले, आणि ते मी जपून ठेवले आहे.

वर्गणीकडे परत येतो. चार हजारांची मर्यादा घेऊन मी जे लिहिले त्यातले आज कोणालाच काही आठवत नाही, आणि रखमेचा प्रश्न सगळ्यांना पाठ आहे. वर्गणी रद्द केल्यापासून मी दोन हजारांत बसतो, बहुतेक वेळा सातशेआठशेत, आणि पाठवण्यापूर्वी दोन गोष्टी तपासतो: आधीच्या खेळाडूचा एक तरी तपशील माझ्या हातात आहे का, आणि पुढच्याला धरायला एखादी वस्तू मी फरशीवर ठेवली आहे का. याचा अर्थ 'स्त्री'चे सहा मोजणे मला मान्य झाले, असा मुळीच काढू नये. तो अन्याय आहेच आणि ज्यांना सूत्रधार म्हणून लांबलचक प्रसंग मांडावे लागतात, त्यांनी वर्गणी घ्यायला माझी हरकत नाही. खेळाडूने घेऊ नये. घेतलीच तर रद्द करताना पडद्याचे चित्र काढून ठेवावे, कारण मी ठेवले नव्हते.

काल सहाव्यांदा तक्रार लिहिली आणि तिची सुरुवात त्यांच्याच पाचव्या उत्तरातले एक वाक्य उद्धृत करून केली. अजून उत्तर नाही. रखमा मात्र उंबऱ्याशी बसलेली आहे. उद्या मला गाडीत जागा मिळाली तर कारकून तो बिल्ला उचलेल, पुसेल आणि आतल्या खोलीतल्या खोकल्याचा आवाज तिला ऐकू जाऊ देईल. एवढ्याला चारशे अक्षरे पुरावीत.