खाडीकाठी भिंत की खारफुटी?

शहर सरकत सरकत खाडीपर्यंत आलंय. काठावरच्या नव्या सोसायटीत राहणाऱ्या मित्राने विचारलं: उधाणाचं पाणी आत येऊ नये म्हणून काँक्रीटची भिंत मागायची, की खारफुटीचा पट्टा राखायचा? 'वॉटरफ्रंट'च्या जाहिराती बाजूला ठेवून बघू.

संरक्षण: भिंत बांधून झाली की लगेच कामाला लागते. तिवरांना, म्हणजे खारफुटीच्या झाडांना, वाढायला वर्षं लागतात. पण आधीपासून उभं असलेलं १०० मीटर रुंदीचं कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, लाटांची उंची १३ ते ६६ टक्के कमी करतं.

टिकाऊपणा: भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याचा गाळच खरवडते, मग डागडुजी पाठ सोडत नाही. उलट तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं गाळ धरून ठेवतात. ओहोटीला जाऊन बघा: मुळांमध्ये खेकड्यांची बिळं, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या मासोळ्या. भिंतीलगत यातलं फारसं काही उरत नाही.

खर्चात भिंत महाग, वादच नाही. मेहनतीत खारफुटी सोपी वाटते आणि तिथेच फसगत होते. फोटोपुरती रोपं सतत बुडणाऱ्या चिखलात खोचली की मरतात. शिवाय तो उघडा चिखल म्हणजे स्थलांतरित पक्ष्यांचं वाढलेलं ताट, ते वेगळंच.

इमारत पाण्याला टेकलीच असेल तर भिंतच. पट्टा शिल्लक असेल तर खारफुटी; मात्र रोपं आणण्याआधी भराव काढून भरतीची वाट मोकळी करा. जवळपास जुनी तिवरं असतील तर बिया पाण्याबरोबर आपसूक येतात.