'फुल सर्व्हिस' सांगून गळ्यात मारलेला पेंटॅक्स के-१०००

ऑनलाइन जुना पेंटॅक्स के-१००० हा फिल्म रोलचा कॅमेरा घेतला, सोबत ५० एमएम एफ/२ लेन्स, आणि विकणाऱ्याने सरळ सरळ फसवलं. बाकीच्यांचे पैसे वाचावेत म्हणून लिहितोय. पैसे देण्याआधी मी विचारलं होतं की स्लो स्पीडला (१ सेकंदासारख्या लांब वेळेला) शटर, म्हणजे फिल्मसमोरचा पडदा, अडकतं का, लेन्समध्ये फंगस (बुरशी) आहे का, तर म्हणे नुकतीच फुल सर्व्हिस झालीय, लेन्स एकदम क्लीन. मागचं झाकण उघडून दाखवा म्हटलं तर आत फिल्म भरलीय, उघडली तर वाया जाईल असं सांगितलं आणि शटर मारतानाचा एक व्हिडिओ पाठवला.

कॅमेरा आला तेव्हा आत फिल्म नव्हतीच! झाकणाच्या खाचांमधला उजेड अडवणारा फोम डांबरासारखा चिकट झालेला, आरशाच्या वरच्या पट्टीचंही तेच. खरी सर्व्हिस करणारा माणूस हे आधी बदलतो, म्हणजे सर्व्हिस झालेलीच नव्हती. मग स्पीड १ सेकंदावर लावला तर पडदा उघडला तो उघडाच राहिला. व्हिडिओत फक्त फास्ट स्पीडचा आवाज होता, तो ठीकच येतो, कारण वंगण सुकलं की आधी स्लो स्पीड जातात.

लेन्सचं तर अजून वाईट. या कॅमेऱ्यात एफ/१६ (म्हणजे बारीक छिद्र) ठेवलं तरी व्ह्यूफाइंडरमधून बघताना ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, पूर्ण उघडंच असतं, बटण दाबल्यावर छिद्राची पाती मिटतात, आणि पात्यांवर तेल उतरलं असेल तर ती वेळेत मिटत नाहीत, उन्हातले फोटो पांढरे पडतात आणि बघताना काहीच कळत नाही. लेन्स काढून, रिंग एफ/१६ वर ठेवून मागचा छोटा लिव्हर ढकलून सोडायचा, पाती झटकन मिटली पाहिजेत. माझ्या लेन्सची हळूहळू सरकत होती. मागून टॉर्च मारला तर आतल्या काचेवर फंगसचे तंतू, आणि त्याने काचेवरचा कोटिंगचा पातळ थर खाल्ला असेल तर साफ करूनही डाग राहतो. समोरून उजेडात काढलेल्या फोटोत यातलं काही दिसत नाही.

तक्रार केली तर उत्तर आलं, जुनी वस्तू आहे, असं असणारच. अहो, जुनी आहे ते मान्य, मग तसं सांगून विका ना! नंतर त्याने माझे मेसेज वाचणंच बंद केलं.

तुम्ही घेत असाल तर झाकण उघडं ठेवून १ सेकंद आणि १/१००० सेकंद दोन्ही स्पीडचा व्हिडिओ मागा, आणि टॉर्च मारलेला लेन्सचा फोटो. फिल्म भरलीय म्हणाला तर सांगा, संपू दे, तोपर्यंत थांबतो.