हे-ऑन-वाय: गुरुवारी जा आणि सुटे पैसे घेऊन जा

इंग्लंड-वेल्सच्या अगदी बॉर्डरवरचं हे-ऑन-वाय, जेमतेम दोनेक हजार वस्तीचं, जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं गाव, आणि आम्ही हेरफर्डवरून बस पकडून गेलो ते खास किल्ल्याच्या आवारातलं ऑनेस्टी बुकशॉप बघायला. दुकान म्हणजे काय तर दगडी भिंतीला टेकवून उघड्यावर ठेवलेली कपाटं, ना दुकानदार ना काउंटर, आवडलं ते घ्यायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. मी बागकामाचं एक जाडजूड पुस्तक उचललं, पहिलं पान उघडलं तर अमेरिकेतल्या कुठल्याशा लायब्ररीचा फिकट जांभळा शिक्का! मला एकदम भरूनच आलं, कुठून कुठे आलं ते.

ही सगळी रिचर्ड बूथची करणी. 1962 संपता संपता इथली पॅसेंजर रेल्वे बंद झाली, अशा बाजारगावाची रेल्वे गेली की धंदा पण हळूहळू निघून जातो, पण त्याच सुमारास या माणसाने जुन्या फायर स्टेशनात सेकंडहँड पुस्तकांचं दुकान टाकलं आणि पुढे अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांची पुस्तकं कंटेनर भरभरून आणली. 1 एप्रिल 1977ला तर गाव स्वतंत्र झालं म्हणून जाहीर केलं आणि स्वतःच राजा झाला! पेपरात नाव झालं, लोक यायला लागले, लोक आले तशी बाकीची दुकानं, चहा-कॉफी, राहायच्या खोल्या सगळंच चालायला लागलं, 1988 पासून साहित्याचा फेस्टिव्हलही.

गुरुवारी जा म्हणते कारण त्या दिवशी बाजार असतो. 1833 सालचं बटर मार्केट, जाड दगडी खांबांचं, तिथे आणि आजूबाजूला स्टॉल लागतात, आम्ही चीज आणि पाव घेऊन नदीकाठी बसून खाल्लं, मस्त.

आपलं महाबळेश्वरजवळचं 'पुस्तकांचं गाव' भिलार 2017ला याच गावावरून सुचलं, पण तिथे घराघरांत बसून वाचायचं असतं, विकायचं नसतं. इथे मात्र पुस्तक विकलं गेलं तरच घर चालतं, म्हणून नुसते फोटो काढून निघू नका, एक तरी घ्याच.

एक तक्रार, एका दुकानात पुस्तकांवर किंमतच नव्हती, प्रत्येक वेळी विचारायला जायचं. मे अखेरीस फेस्टिव्हल असतो तेव्हा खोल्या खूप आधी बुक करा, आणि परतीची बस बघून ठेवा, आमची शेवटची थोडक्यात चुकणार होती.