चिबड रानातला भात: युरिया फोकायचा की ब्रिकेट खोचायच्या?

उजनीचं पाणी आलं, ऊस आला, आणि कालव्याच्या खालच्या अंगाला चिबड, म्हणजे निचरा न होता पाणी धरून बसणारी रानंही आली. तिथं ज्वारी पिवळी पडते, तूर तर मुळापासून कुजते. अशा तुकड्यात भात लावावा का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ‘जरूर लावा’ असंच आहे. फक्त वर पांढरं मीठ फुललेलं असेल तर आधी माती तपासून घ्या, कारण भाताचं रोप साचलेलं पाणी सोसतं, मीठ फारसं सोसत नाही. दुसरी गोष्ट खताची. ज्वारीचा हिशोब भाताला लावू नका. गल्लत होते ती मुख्यतः नत्रात (नायट्रोजनमध्ये).

खाचरातल्या चिखलाचा अगदी वरचा पातळ थर हवा खातो, खाली प्राणवायू नसतो. वरच्या थरात अमोनियमचं नायट्रेट होतं. ते खाली उतरलं की जिवाणू त्याचा वायू करतात आणि नत्र उडून जातं. त्यात आपली माती चुनखडीची, पाण्याचा सामू (पीएच) आधीच चढा. भर दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढतं तेव्हा तो आणखी चढतो आणि फोकलेल्या युरियातला अमोनिया हवेत जातो. म्हणजे साचलेल्या पाण्यात युरिया फोकणं हा सगळ्यात तोट्याचा प्रकार.

तरी युरियाच वापरायचा असेल तर रीत पाळा. सुधारित वाणाला हेक्टरी 100 किलो नत्र, 50 स्फुरद (फॉस्फरस) आणि 50 पालाश (पोटॅश) देतात, म्हणजे एकरी 40 किलो नत्र. सगळं युरियातून दिलं तर 45 किलोच्या जवळजवळ दोन गोण्या. त्यातला 40 टक्के चिखलणीला (लावणीआधी चिखल करताना) मातीत मिसळून, 40 टक्के फुटव्यांच्या वेळी आणि उरलेला लोंबी येताना. वरचा हप्ता देताना पाणी काढून टाका आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा भरा. कालव्याची पाळी हातात नसेल तर नेमकं हेच जमत नाही.

ब्रिकेटची गोष्ट वेगळी. युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) 60:40 प्रमाणात दाबून केलेली 2.7 ग्रॅमची गोळी चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध 7 ते 10 सेंटीमीटर खोल खोचायची. ती प्राणवायू नसलेल्या थरात बसते, नत्र अमोनियमच्याच रूपात राहतं आणि भाताच्या मुळांना तेच रूप मानवतं. 25 आणि 15 सेंटीमीटर अशी आलटून-पालटून नियंत्रित लावणी केली तर एकरी 25,000 गोळ्या, म्हणजे साधारण 68 किलो खत लागतं. त्यातून नत्र मिळतं 23 किलोच्या आसपास, पण पुढचे हप्ते वाचतात. डॉ. नारायण सावंत यांच्या भात लागवडीच्या चारसूत्री पद्धतीचा हा एक भाग आहे. अडचण एकच: 25,000 वेळा वाकायचं आहे, तेही लावणीच्या दिवशी किंवा लगेच दुसऱ्या दिवशी. घरची माणसं असतील आणि रान एकरभर असेल तर मी डोळे झाकून ब्रिकेट घेईन. रोजंदारीवर तीन-चार एकर करायचं असेल, लावणी वेडीवाकडी असेल, तर तीन हप्त्यांचा युरियाच बरा.

अमोनियम सल्फेट चिबड रानात मला पसंत नाही. निचरा नसलेल्या चिखलात सल्फेटचं सल्फाइड होऊ शकतं. मग मुळं काळी पडतात, सडक्या अंड्यासारखा वास येतो. नायट्रेटची खतं चिखलणीला टाकणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

स्फुरदाची फार चिंता नको. पाणी साचलं की मातीत अडकलेलं स्फुरद बरंच मोकळं होतं. ब्रिकेट घेतल्या तर त्यातही डीएपी असतंच, वर आणखी गोणी टाकायची घाई नको. काळ्या मातीत पालाश सहसा पुरेसं असतं आणि पिकाने घेतलेलं बहुतेक पालाश पेंढ्यातच राहतं. पेंढा रानातच गाडला तर ते मातीत परत जातं.

जस्त मात्र विसरू नका. चुनखडी आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की ते मुळांना मिळत नाही. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांत खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके येतात, रोपं खुजी राहतात. हाच ‘खैरा’ रोग. 1966 साली पंतनगरला (आताच्या उत्तराखंडात) डॉ. य. ल. नेने यांनी तो जस्ताच्या कमतरतेमुळे होतो हे दाखवलं. आपल्याकडे अशा वेळी नत्र कमी पडलं समजून आणखी युरिया टाकतात आणि भात काही हिरवा होत नाही. चिखलणीला एकरी 8 ते 10 किलो झिंक सल्फेट द्या, पण डीएपीत मिसळून नव्हे, वेगळं.