बसवलेलं नाटक की वर्गातलं उत्स्फूर्त नाट्य?

संहिता पाठ करून बसवलेल्या नाटकात मुलं दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायला शिकतात, स्टेजची भीतीही जाते. पण मोठ्या भूमिका धीट मुलांनाच मिळतात. बाकीची झाडं होऊन उभी.

उत्स्फूर्त नाट्यात, म्हणजे संहितेशिवाय तिथल्या तिथे रंगवलेल्या प्रसंगात, बघणारे नुसते बघे राहत नाहीत. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरमध्ये अन्यायाचा प्रसंग पुन्हा खेळतात, आणि प्रेक्षकांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणून पीडिताच्या जागी शिरतो, वेगळा मार्ग करून बघतो. दादागिरी करणाऱ्याला ‘नको’ म्हण, असा सल्ला देणं सोपं. समोर उभं राहून म्हणताना आवाज अडखळतो. खरा सराव तिथेच होतो. नंतरची चर्चा मात्र टाळू नये, नाहीतर गुंड झालेल्याला तेच नाव चिकटतं. वर्गासाठी मी हाच पर्याय निवडेन.